परत सुरू करण्याची तारीख

माझ्या सहा वर्षांच्या मुलीच्या आहारातून आम्ही एकदा बटाटा, टोमॅटो, वांगे, ढोबळी मिरची आणि लाल-हिरव्या मिरच्या हे सगळे बरोबर चार आठवडे वगळले होते. त्या वेळी तिच्या तीन तक्रारी होत्या. कोपराच्या आणि गुडघ्याच्या लवणीत कोरडा, खाजरा इसब होता आणि तो रात्री खाजवून ती उठत असे. आठवड्यातून तीन-चार वेळा पोट दुखत असे. आणि काही रात्री पाय दुखतात म्हणून ती रडत असे. शिवाय जेवण झाल्यावर तोंडाभोवती लाल कडे उमटत असे, पण ते तासाभरात जात असल्यामुळे आम्ही त्याला तक्रारीचा दर्जा दिलेला नव्हता. या सगळ्याचे मूळ एकाच भाज्यांच्या कुळात आहे असे सांगणारे बरेच काही माझ्या वाचनात आले, आणि रात्री दोन वाजता मुलीच्या पाठीवरून हात फिरवत बसलेल्या माणसाला एकच मूळ सापडण्याचा मोह किती होतो, हे मी वेगळे सांगायला नको.

हे कूळ म्हणजे सोलॅनेसी, मराठीत धोतरा कूळ किंवा वांगी कूळ. इंग्रजीतून आलेले ‘नाइटशेड’ हे नाव आता अधिक ऐकू येते. धोतरा, बेलाडोना आणि तंबाखू याच कुळातले, त्यामुळे त्याची बदनामी जुनीच आहे. घरात कोणी मुलांना अश्वगंधा देत असेल तर तीही याच कुळातली, ही गोष्ट भाज्यांची यादी करताना हमखास निसटते. उलट काळी मिरी आणि रताळे यांचा या कुळाशी काहीही संबंध नाही. मिरचीच्या नावाशी आणि बटाट्याच्या रूपाशी असलेल्या साम्यामुळे त्यांना उगीच शिक्षा होते. पहिल्या आठवड्यात मीही रताळे बंद केले होते.

या भाज्यांवरचा मुख्य आरोप त्यांच्यातील ग्लायकोअल्कलॉइड या द्रव्यांचा आहे. बटाट्यात सोलॅनिन आणि चॅकोनिन, टोमॅटोत टोमॅटिन. किडींपासून आणि बुरशीपासून बचाव करण्यासाठी झाड ती स्वतः तयार करते. ही द्रव्ये विषारी आहेत यात वाद नाही, प्रश्न मात्रेचा आहे. युरोपातील अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2020 मध्ये बटाट्यातील या द्रव्यांचा आढावा घेतला, तेव्हा दिवसाला शरीराच्या दर किलो वजनामागे 1 मिलिग्रॅम ही ज्या पातळीला त्रास दिसतो अशी सर्वांत कमी मात्रा धरली, आणि तो त्रास म्हणजे मळमळ, उलटी आणि जुलाब. लहान मुलाचे वजन कमी असल्यामुळे ही मर्यादा त्याच्यासाठी लवकर येते, म्हणून हिरवट पडलेला, कोंब फुटलेला किंवा चवीला कडवट लागणारा बटाटा मुलांना देऊ नये, हा सल्ला अगदी योग्य आहे. हिरवा रंग स्वतः निरुपद्रवी असतो, तो केवळ हरितद्रव्याचा असतो. परंतु बटाट्यावर उजेड पडला आहे आणि त्याबरोबर सोलॅनिनही वाढले असण्याची शक्यता आहे, याची तो खूण असतो. ही द्रव्ये सालीत आणि सालीलगत जास्त असतात, त्यामुळे साल जाडसर काढल्याने बरेच काम होते. नुसते शिजवल्याने ती पुरती नाहीशी होत नाहीत. मात्र चांगल्या, सोललेल्या बटाट्यामुळे इसब होतो किंवा सांधे दुखतात, असे यातून निघत नाही.

मग सांध्यांची गोष्ट आली कुठून? तिच्यामागे बऱ्याच अंशी नॉर्मन चाइल्डर्स हे अमेरिकी प्राध्यापक आहेत. ते वैद्यकाचे नव्हे, उद्यानविद्येचे प्राध्यापक होते, आणि स्वतःच्या सांधेदुखीच्या अनुभवावरून त्यांनी या कुळाचा आहारातून त्याग करण्याचा प्रचार केला. 1979 मध्ये त्यांचा या विषयावरचा लेख आला आणि 1993 मध्ये हा आहार पाळणाऱ्या लोकांच्या उत्तरांवर आधारलेली पाहणी आली. ज्यांनी पथ्य मनापासून पाळले त्यांनाच ‘बरे वाटले का’ असे विचारले, तर काय उत्तर येईल याचा अंदाज बांधायला संख्याशास्त्र लागत नाही. अलीकडे ‘ऑटोइम्यून प्रोटोकॉल’ या नावाने, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते अशा विकारांसाठी, जो आहार सांगितला जातो, त्यात याच कुळाबरोबर धान्ये, डाळी, दूध, अंडी, सुकामेवा आणि बियाही बंद असतात. 2017 मध्ये आतड्याच्या दाहाचे विकार असलेल्या 15 प्रौढांवर त्याचा छोटा अभ्यास झाला आणि त्यातील 11 जणांची लक्षणे सहाव्या आठवड्यापर्यंत शमली. आकडा आशादायक वाटतो. पण तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, इतक्या गोष्टी एकदम बंद झाल्या असताना श्रेय टोमॅटोला द्यायचे की अंड्याला हे कळण्याचा मार्ग नव्हता, आणि त्यात एकही लहान मूल नव्हते.

हे सर्व वाचून मी आमच्या बालरोगतज्ज्ञांकडे गेले, तेव्हा त्या रागावतील अशी माझी अपेक्षा होती. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी प्रथम मुलीची उंची आणि वजन वाढीच्या तक्त्यावर मांडले, गुडघे आणि घोटे दाबून, वाकवून पाहिले, आणि सकाळी उठल्यावर ती लंगडते का, सांधा सुजतो का, ताप येतो का, शौचातून रक्त जाते का, असे प्रश्न विचारले. सोळा वर्षांच्या आतील मुलाचा एखादा सांधा सहा आठवड्यांहून अधिक काळ सुजलेला राहिला, तर तो बालसंधिवात असू शकतो, आणि त्यात डोळ्याच्या आतही कोणतीही तक्रार न जाणवता दाह होऊ शकतो, त्यामुळे अशा मुलाला भाज्या बंद करून घरी ठेवणे धोक्याचे असते, असे त्यांनी सांगितले. आमच्या मुलीचे पाय मात्र दोन्ही बाजूंनी, संध्याकाळनंतर दुखत आणि सकाळी ती पळत सुटे; वाढत्या वयातील या दुखण्याचा आहाराशी संबंध नाही, हे त्यांनी तिथेच निकालात काढले.

भाज्यांच्या बाबतीत त्यांचा पहिला प्रश्न वेगळाच होता. यांपैकी काही खाल्ल्यावर काही मिनिटांत किंवा दोन तासांच्या आत कधी अंगावर गांधी उठल्या, ओठ किंवा डोळे सुजले, उलटी झाली, श्वास घरघरला, असे घडले आहे का? तसे घडले असते तर घरी कोणताही प्रयोग करायचा नव्हता, कारण ती तात्काळ ॲलर्जी ठरली असती आणि तिची तपासणी वैद्यकीय देखरेखीखालीच व्हायला हवी. या कुळाची खरी ॲलर्जी असू शकते. परागकणांची ॲलर्जी असणाऱ्या काही जणांच्या तोंडाला कच्च्या टोमॅटोने खाज सुटते, आणि रबराच्या चिकातील प्रथिनांशी बटाट्यातील व टोमॅटोतील प्रथिनांचे साम्य असल्यामुळे लेटेक्सची ॲलर्जी असणाऱ्यांनाही त्रास होऊ शकतो. आमच्याकडे तसा इतिहास नव्हता. मी आणखी एका महागड्या रक्ततपासणीबद्दल विचारले, जिच्यात शंभरभर पदार्थांविरुद्धची ‘आयजीजी’ नावाची प्रतिपिंडे मोजून काय बंद करायचे त्याची यादी देतात. ती करू नका, असे त्यांनी स्पष्ट सांगितले, कारण शरीरात ती प्रतिपिंडे असणे म्हणजे तो पदार्थ खाण्यात आलेला असणे, एवढाच तिचा अर्थ होतो. युरोपातील ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने 2008 मध्ये हेच म्हटले आहे.

त्यानंतर त्यांनी मला एक कागद दिला आणि वर दोन तारखा लिहायला लावल्या: बंद करण्याची आणि परत सुरू करण्याची. दुसरी तारीख आधी ठरत नसेल तर पहिली तारीख लिहू नका, असे त्या म्हणाल्या. संशयित पदार्थ दोन ते सहा आठवडे बंद ठेवून मग परत देऊन पाहणे, ही ब्रिटनच्या 2011 सालच्या मार्गदर्शक सूचनांमध्येही दिलेली रीत आहे. आमच्यासाठी चार आठवडे ठरले. इसब असलेल्या मुलांमध्ये एखादा पदार्थ दीर्घकाळ बंद ठेवल्यास शरीराची त्याच्याशी असलेली सवय मोडते आणि परत दिल्यावर नवीच ॲलर्जी उद्भवू शकते, हे मला तोपर्यंत माहीत नव्हते. मी ‘काढून टाकायला काय जाते’ या समजुतीने निघाले होते.

चार आठवड्यांतील स्वयंपाकाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. घरच्या जेवणात बदल करणे सोपे गेले. अवघड होती ती विकतची पाकिटे. बटाट्याचा स्टार्च अनेक तयार पदार्थांत आणि काही बेकिंग पावडरींत असतो, काही गोळ्यांतही असतो. ‘मसाले’ या एका शब्दामागे मिरची लपलेली असते. आणि E160c हा रंग ढोबळी मिरचीच्या कुळातील पॅप्रिकाचा अर्क असतो. क जीवनसत्त्वासाठी पेरू आणि कोबी वाढवले, कारण टोमॅटो आणि ढोबळी मिरची गेल्यावर ते प्रथम घटते आणि त्याबरोबर शाकाहारी अन्नातील लोह शोषले जाण्याचे प्रमाणही उतरते.

रोज रात्री मी खाजेला शून्य ते दहा गुण देत असे. पहिल्या आठवड्याची सरासरी सहा होती, चौथ्या आठवड्याची तीन. मी अत्यानंदात होते. परंतु त्याच कागदावर, माझ्याच अक्षरात, अशीही नोंद होती की बंद करण्याच्या तारखेनंतर दोन दिवसांनी डॉक्टरांनी दिलेले मलम सुरू झाले आणि आंघोळीनंतर लगेच, अंग ओलसर असतानाच मॉइश्चरायझर लावायला आम्ही सुरुवात केली. शिवाय इसब स्वभावतःच वरखाली होतो, आणि आई-वडील नवा उपाय सुरू करतात ते इसब अगदी टोकाला गेल्यावर. त्यानंतर तो काहीही न करता थोडा उतरणारच असतो. पोटदुखी मात्र चार आठवडे जशीच्या तशी राहिली.

परत सुरू करताना एका वेळी एकच पदार्थ, तीन दिवस सलग, मग तीन दिवस थांबायचे, असे ठरले. बटाटा आला, खाज तीनच राहिली. ढोबळी मिरची आली, तीनच. टोमॅटो आला आणि पहिल्याच जेवणानंतर दहा मिनिटांत तोंडाभोवती ते लाल कडे उमटले. मला गुन्हेगार सापडला होता, आणि खरे सांगायचे तर मी तिथेच थांबणार होते.

नवरा थांबला नाही. मला ठाऊक नसताना टोमॅटो दिला पाहिजे, असे त्याने सुचवले. डॉक्टरांची संमती घेऊन त्याने सहा दिवस लाल भोपळा आणि बीट यांचे घट्ट सूप केले. तीन दिवस त्यात टोमॅटो घातला, तीन दिवस नाही, आणि क्रम आपल्यापाशी ठेवला. चव जवळपास सारखी लागावी म्हणून टोमॅटो नसलेल्या दिवशी तो लिंबू पिळत असे. मी फक्त तोंड पाहून नोंद करत होते. सहापैकी पाच दिवस कडे उमटले. सातव्या दिवशी आम्ही कागद जुळवले, तेव्हा टोमॅटोच्या तिन्ही दिवशी ते होतेच, पण टोमॅटो नसलेल्या तीनपैकी दोन दिवशीही होते. लिंबाने प्रयोग बिघडवला असे प्रथम आम्हाला वाटले. डॉक्टर हसल्या आणि म्हणाल्या की त्यानेच तो सोडवला आहे: आधीच कोरड्या असलेल्या त्वचेला आंबट रस लागला की ती चुरचुरते आणि लाल होते, मग तो रस कोणत्याही कुळातला असो. ही ॲलर्जी नव्हे, बाहेरून होणारा दाह आहे. जेवणाआधी तोंडाभोवती पेट्रोलियम जेलीचा पातळ थर आणि जेवणानंतर घासून न पुसता पाण्याने टिपून घेणे, एवढ्यावर ते कडे बहुतेक नाहीसे झाले.

पोटदुखीचे कारण बद्धकोष्ठ निघाले. शौचाला रोज जाणाऱ्या मुलालाही ते असू शकते, हे आम्हाला माहीत नव्हते. पाणी, तंतुमय पदार्थ, डॉक्टरांनी दिलेले औषध आणि जेवणानंतर ठरावीक वेळी शौचालयात बसण्याची सवय यांनी दोन महिन्यांत पोटदुखी थांबली. इसब अजून आहे, हवा कोरडी झाली की डोके वर काढतो, आणि त्याचा गुण दोन आणि चार यांच्या मध्ये फिरत राहतो, मग ताटात बटाटा असो वा नसो.

या सगळ्यात एक गोष्ट मी आधी ओळखायला हवी होती. तिसऱ्या आठवड्यात एका वाढदिवसाला तिने ताटलीतील बटाट्याचे काप बोटाने दूर सारले आणि शेजारच्या मुलीला सांगितले, “हे विष आहे, माझी आई म्हणते.” मी तसे कधी म्हटले नव्हते, पण फोनवर बहिणीशी बोलताना सोलॅनिनबद्दल जे काही सांगत होते, ते तिने ऐकलेले होते. बटाटा परत सुरू झाल्यावर तिने पहिला घास घ्यायला वीस मिनिटे लावली, आणि त्या वीस मिनिटांत मी तिच्यासमोर माझ्या ताटातील सगळा बटाटा खाऊन संपवला.

डॉक्टरांचा तो कागद अजून फ्रिजवर लावलेला आहे. बटाटा, ढोबळी मिरची आणि टोमॅटो यांच्यापुढे परत सुरू केल्याच्या तारखा आहेत, मिरचीपुढे ‘चवीपुरती’ अशी नोंद आहे. वांग्यापुढचा रकाना रिकामा आहे, कारण वांगे ती या प्रयोगाच्या आधीही खात नव्हती आणि या प्रयोगाचे निमित्त पुढे करून ते आता कायमचे बंद करावे, असे तिचे म्हणणे आहे.