आमची वाटचाल : कारखान्याच्या शेडपासून कलादालनापर्यंत

बंद पडलेल्या कारखान्यांची कलादालनं करणं हे आमचं काम. सुरुवातीला आमच्याकडे फक्त पांढऱ्या पोटभिंतींचं (मूळ भिंतीच्या आत उभ्या केलेल्या हलक्या भिंतींचं) काम यायचं. कारखाना बंद पडलेला, उद्घाटनाची तारीख ठरलेली. तेवढ्या भिंती उभ्या करून द्या, एवढंच मागणं. पहिल्या पावसाळ्यात पोटभिंतीच्या जिप्सम बोर्डाच्या तळाला बुरशी यायची आणि दोष आमच्या रंगाला लागायचा. मग क्रमच बदलला : आधी छप्पर, मग जमीन, भिंती सगळ्यात शेवटी.

करवतीच्या दात्यांसारखं छप्पर असेल तर काच सहसा सूर्याकडे पाठ करून असते, त्यामुळे थेट ऊन न येता सारखा उजेड मिळतो. यंत्रावर काम दिसावं म्हणून केलेली ही सोय शिल्पांना छान मानवते. कागदाला मात्र नाही. कागद-कापडाला 50 लक्स (उजेडाचं माप) पुरे, तैलचित्रांना 200. काचेखाली दुपारी उजेडाचा मीटर हजाराच्या पुढे जातो. अशी कामं आतल्या बंद खोलीत. आणि गळती बहुतेकदा पत्र्यातून नसतेच, दोन दात्यांमधल्या पन्हळीतून असते. ती ठिगळं न लावता नवीन घालतो. तोंड तुंबलं तर पाणी बाहेर पडायला वेगळी वाटही ठेवतो.

खरा घोळ जमिनीत. वर्षानुवर्षं तेल प्यायलेल्या कोब्यावर इपॉक्सी (जमिनीवरचा राळेचा कडक लेप) धरत नाही, पापुद्र्यासारखं सुटतं. पाण्याचे थेंब टाकून बघा : मुरले तर ठीक, मोत्यासारखे गोळा राहिले तर तेल आहे, वरचा थर खरवडावाच लागतो. ओलीसाठी 18 इंची चौरस प्लास्टिक चारी कडांनी चिकटवून किमान 16 तास ठेवतो. खाली घाम धरला की इपॉक्सीचं नाव काढायचं नाही.

विटांमधल्या दर्जा, म्हणजे सांधे, चुन्यानेच भरतो. सिमेंट भरलं की ओल विटेतून वाट काढते, लोणा फुटतो, विटेचा चेहरा झडतो. पोटभिंत या विटांच्या भिंतीपासून थोडी सुटी, 12.5 मिमी जिप्सम बोर्डामागे 18 मिमी प्लाय, म्हणजे स्क्रू कुठेही धरतो.

लंडनच्या टेट मॉडर्नमधल्या टर्बाइन हॉलचे फोटो बरेच जण दाखवतात. 2000 साली खुलं झालेलं ते संग्रहालय मुळात वीजकेंद्र. तसा हॉल हवा म्हणणारेच जुनी क्रेन भंगारात काढायला सांगतात. आम्ही आधी तिची भारचाचणी करून घेतो. दोन टनी शिल्प दारातून आत आल्यावर ते उचलायचं कशाने?