दादांची दुनळी

दादांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, चौदावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी ठाण्यातून फोन आला. "गुरुजी, दुखवट्यात बोलायलो, राग मानू नका. पण ती बंदूक जमा करावी लागंल." परवाना माणसाच्या नावावर असतो, माणूस गेला की तो संपतो आणि त्यानंतर हत्यार घरात ठेवणं हाच गुन्हा, हे मला तेव्हा कळलं. तोवर माझ्या लेखी ती बंदूक म्हणजे माळवदाच्या खोलीतल्या लोखंडी पेटीतली एक वस्तू. खंडेनवमीला बाहेर यायची, हळदकुंकू लावून घ्यायची आणि आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून परत पेटीत.

बारा बोअरची दुनळी, काडतुसं सात. जमादाराने नळीवरचा नंबर परवान्याशी ताडून पाहिला, काडतुसं दोनदा मोजली, पावती फाडली. "वारस म्हणून अर्ज करा, गुरुजी. मिळंल." हे 2023 च्या सप्टेंबरातलं.

करावा की नाही, यावर घरात आठ दिवस गेले. भावाला नको होती. लातूरची बहीण म्हणाली, "तू साधं डुकराला हाकलायला भितोस." आई एवढंच म्हणाली, "तुज्या बापानं तीस वर्षं तेल लावून ठिवली." मग मी फॉर्म आणला.

वारसाला परवाना देण्याची सोय 2016 च्या शस्त्र नियमांत आहे. तरी सगळं नव्यानेच: मृत्यूचा दाखला, आई-भाऊ-बहिणीची संमतीपत्रं, शरीर आणि डोकं दोन्ही ठीक असल्याचं डॉक्टरचं प्रमाणपत्र, हत्यार कुलपात ठेवण्याची हमी आणि हाताळणीच्या प्रशिक्षणाचा दाखला. प्रशिक्षण देणारा निवृत्त फौजी होता. त्याने रिकामी बंदूक हातात दिली आणि माझं बोट आपसूक चापावर गेलं. त्याने ते दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवलं, पोरांना पाटीवर गिरवायला शिकवतात तसं. दिवसभरात पाच वेळा उचललं असेल.

खरी गोची झाली ती 'कारण' या रकान्यात. दादांच्या परवान्यावर 'पीक संरक्षण' होतं. आमचं रान बालाघाटच्या उतारावर. ज्वारी हुरड्यात आली की रानडुकरं आणि हरणं रात्रीत वावर लोळवतात. पण हरणावर बार टाकला तर 1972 चा वन्यजीव कायदा आपल्यालाच आत घालतो, आणि डुकरासाठीही आधी वनखात्याची परवानगी लागते. दादांनी हयातभर पिकं राखली ती बॅटरी आणि शिव्यांच्या जोरावर. मग मी 'आत्मसंरक्षण' लिहिलं. बाबू चष्म्यावरून बघत म्हणाला, "कुणापासून, गुरुजी?" माझं कुणाशी वैर नाही, बांधाचा वादही नाही. गप्प बसलो.

घरी येऊन 1959 चा शस्त्र कायदाच काढून वाचला. कलम 13 म्हणतं, 20 इंचांपेक्षा कमी नसलेल्या, आतून गुळगुळीत नळीची बंदूक नागरिकाला संरक्षणासाठी किंवा खेळासाठी हवी असेल, तर परवाना द्यावा. पिकासाठी ठासणीची बंदूक असेल तरी द्यावा. वाचून छाती फुगली. पुढचं कलम 14 म्हणतं, सार्वजनिक शांततेला बाध वाटला तर नाकारावा. म्हणजे हक्क म्हणावा तर हाताला लागत नाही. पुतण्या अमेरिकेत ह्यूस्टनला असतो. तिकडे 1791 पासून घटनेच्या दुसऱ्या दुरुस्तीतच हा हक्क आहे. दुकानात फॉर्म भरला की दुकानदार तपासणी करतो आणि बऱ्याचदा काही मिनिटांत काम होतं. "काका, एका जुन्या बंदुकीसाठी एवढं?" त्याला हसू आलं. तिकडच्या शाळांतल्या बातम्या वाचल्यावर मला आपली कटकटच बरी वाटते. मास्तर आहे ना. पण कटकट वेगळी आणि फाईल धूळ खाणं वेगळं.

फाईल धूळ खातच होती. चौकशीला आलेल्या हवालदाराने पोलीस पाटलाचा जबाब घेतला, चहा घेतला, अहवाल वर गेला. 2024 च्या मार्चमध्ये लोकसभेची आचारसंहिता लागली. ती उठली, पावसाळा गेला, ऑक्टोबरात विधानसभेची लागली. डिसेंबरात मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला आणि बीड जिल्ह्यातल्या बंदूक परवान्यांची चर्चा राज्यभर पेटली. कुणी कंबरेला पिस्तूल लावून रील काढले, कुणी हवेत बार काढले. त्यांच्यामुळे आमच्यासारख्यांच्या फायली आणखी खाली गेल्या. राग आला, पण कागद दाबून धरणाऱ्या साहेबाचा नाही आला. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं.

दादांना एकदा भावकीतल्या लग्नात वरातीपुढे बार काढायचा आग्रह झाला होता. ते ताटावरून उठून घरी आले. शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीने अशा बाराला दोन वर्षांपर्यंत कैद ठेवली. दादांना त्यासाठी कायद्याची गरज पडली नाही.

परवाना मिळाला 2025 च्या पावसाळ्यात, पाच वर्षांचा. मालखान्यातून बंदूक काढली तर लुगडं उंदरांनी खाल्लेलं, डाव्या नळीवर तांबेरा. काडतुसं सातच्या सात. आईने खोबरेल आणलं. मी म्हटलं, हे चालत नाही, यंत्राचं तेल लागतं. ती म्हणाली, "तुझे दादा हेच लावायचे." दोघांनी मिळून ओसरीवर तासभर घासली.

तांबेरा अजून पुरता गेलाही नव्हता, तोच जमादाराचा फोन आला. "गुरुजी, निवडणुका लागल्या. बंदूक आणून टाका."