आत्याबाईंची तुळस

आमच्या कोरेगाव तालुक्यात घेवडा पेरायचे दिवस आणि वारीचे दिवस एकच. ज्येष्ठात पाऊस पडून वाफसा आला की घरात माणूस कमी पडायचं, आणि नेमक्या तेव्हाच आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, आळंदीला निघायच्या. सलग २२ वर्षं. माझी पोरं लहान, गोठ्यात दोन म्हशी, रानात पेरणी, आणि या डोक्यावर तुळस घेऊन निघालेल्या. मी तोंडानं कधी बोलले नाही, पण भांडी आपटायचे. द्वादशीचं पारणं सोडून त्या एसटीनं परत यायच्या. चुरमुरे, बत्तासे, बुक्का देवापुढं ठेवायच्या. मी विचारायची, "दर्शन झालं?" त्या म्हणायच्या, "झालं की." चहा घेऊन लगेच खुरपं हातात.

त्या गेल्या, त्यानंतरच्या ज्येष्ठात दिंडीच्या विणेकऱ्यांचा निरोप आला, "आक्कांची जागा रिकामी आहे. तुळस कुणी घ्यायची?" मी माळ घातलेली नव्हती. हरिपाठही पाठ नव्हता. पण तो निरोप ऐकल्यावर दोन रात्री झोप लागली नाही, आणि मी दिंडीतल्या जेवणाखाणाच्या भिशीचे पैसे भरले.

आळंदीला महाद्वारात हैबतबाबांची पायरी आहे. माउलींचा सोहळा आज ज्या शिस्तीनं चालतो ती शिस्त या हैबतबाबांनी घालून दिली, आणि ते आमच्याच साताऱ्याकडचे, आरफळचे. पायरीवर डोकं टेकवलं आणि आमच्या दिंडीत जाऊन उभी राहिले. आमची दिंडी रथाच्या मागची.

पहिले चार दिवस मला देव आठवला नाही, मान आठवली. पितळेचं वृंदावन, त्यात माती, मातीत तुळस, वर सारखं पाणी घालायचं, म्हणजे वजन वाढतच जातं. मी चुंबळ घट्ट वळून डोक्याच्या मधोमध ठेवत होते. शेजारच्या म्हाताऱ्या मावशींनी दुसऱ्या दिवशी ती उलगडली, सैल वळली आणि किंचित पुढं सरकवून दिली. म्हणाल्या, "पायाकडं बघू नको. पुढच्या पताकेकडं बघ, तुळस आपली आपण बसती." दिवेघाट त्या पताकेकडं बघतच चढले. वाटेत माणसं वाकून पाया पडत होती. पहिल्यांदा मी पाय मागं घेतले. मावशी म्हणाल्या, "तुझ्या न्हाई गं, तुळशीच्या पडत्यात." तेव्हापासून पाय मोकळे झाले.

जेजुरीला खंडेरायाच्या नगरीत पालखीवर भंडारा उधळतात. हवाच पिवळी होते, डोळे चुरचुरतात, पण हसू आवरत नाही. त्या गर्दीत माझ्या खांद्यावरच्या पिशवीचा बंद तुटला. मुक्कामावर आल्यावर कळलं, पिशवी नाही. पिशवीत आत्याबाईंची हरिपाठाची पोथी होती. पानांचे कोपरे बुक्क्यानं काळे पडलेले, मागच्या पानात दोऱ्यानं बांधलेलं एसटीच्या जुन्या तिकिटांचं पुडकं. दुसरं काही हरवलं असतं तर चाललं असतं. रात्री तंबूत तोंडावर पदर घेऊन रडले.

वाल्ह्याला मी समाजआरतीला मुद्दाम पुढं जाऊन उभी राहिले. ज्यांनी ही आरती पाहिली नाही त्यांना ती सांगून कळेल असं वाटत नाही, तरी सांगते. तळावर मधोमध पालखी, भोवती गोल करून सगळ्या दिंड्या, हजारो टाळ एकदम चाललेले, शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मग चोपदार हातातला चोप उंच करतात आणि लांब हाळी देतात, "होऽऽ!" आणि सगळं थांबतं. एका क्षणात. एवढ्या माणसांत बांगडीचा आवाज ऐकू येतो. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती दिंडी टाळ थांबवत नाही. त्या दिवशी उजव्या हाताची एक दिंडी वाजवतच राहिली. सगळा तळ गप्प आणि त्या एका कोपऱ्यात टाळ. मग त्यांच्यापाशी जाऊन विचारणा झाली. त्यांच्या तंबूच्या जागेवर दुसऱ्यांची गाडी लागली होती, एवढंच. तोडगा निघाला, त्यांचे टाळ थांबले, मगच माउलींची आरती. एका दिंडीच्या मनात कढ असेल तर देवाची आरतीसुद्धा खोळंबते, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

आरतीआधी काय हरवलं, काय सापडलं ते पुकारतात. चष्मा, काठी, एक टाळ. पोथी नव्हती.

नीरेच्या घाटावर माउलींच्या पादुकांना स्नान घातलं. पाण्यात उभी असताना माझे हात जोडलेले होते, पण मनात पिशवीच होती, खोटं कशाला सांगू. लोणंदच्या तळावर मात्र कानावर आलं, "पिशवी सापडली आहे, आत पोथी आहे, खूण सांगून न्यावी." मी पुढं गेले. म्हटलं, "आत एसटीची तिकिटं आहेत, सगळी पंढरपूरहून कोरेगावची." पिशवी हातात पडली. कुणी आणून दिली ते विचारलं, तर उत्तर मिळालं, "माउलींनी." वारीत सगळेच माउली. त्या माणसाचं नाव मला कधीच कळणार नाही. पंढरपूरपर्यंत समोर येईल त्याच्या पाया पडत गेले, म्हटलं त्यात तो असेलच.

चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं, पुढं फलटण, नातेपुते. वेळापूरच्या अलीकडं उतार लागतो तिथं धावा होतो. तुकाराम महाराजांना इथून पांडुरंगाचा कळस दिसला आणि ते थेट पंढरपूरपर्यंत धावत गेले, अशी आख्यायिका आहे. म्हणून सगळी वारी तो उतार पळते. सत्तरीच्या मावशी माझ्यापुढं पळत होत्या. खाली धापा टाकत बसलो तेव्हा त्या म्हणाल्या, "तुझी सासू हितं सगळ्यांच्या पुढं असायची. तिला कळसाचीच ओढ लई. आत कुठं जायची ती."

"आत जायच्या नाहीत म्हणजे?"

"दर्शनबारी केवढी असती बाई. दिवस न् रात्र जाती त्यात. आक्का कळसाला हात जोडायची, नामदेव पायरीवर डोकं ठेवायची न् द्वादशीला एसटी धरायची. आम्ही म्हणायचो, पौर्णिमेच्या काल्याला तरी थांब. तर म्हणायची, सून एकटी हाय रानात."

मला काही बोलता येईना. २२ वर्षं मी टाळ वाजवत राहिले होते. त्या माउलीनं कधीच ऐकले होते आणि दर साली द्वादशीच्या एसटीनं येऊन माझ्यापुढं उभ्या राहिल्या होत्या. मी चहा ठेवायचे, तोही धड वर न बघता. पोथीतलं पुडकं काढून मांडीवर धरलं. तिकिटं इतकी जुनी झाली होती की अक्षरं पुसली होती.

आषाढी एकादशीला चंद्रभागेत स्नान केलं, नगरप्रदक्षिणा केली. बारीचं शेपूट कुठवर गेलंय ते दिसतच नव्हतं. महाद्वारासमोर चोखोबांच्या समाधीवर माथा टेकला, मग नामदेव पायरीवर. उठून वर पाहिलं. ढग उतरले होते, कळस ओला होता. पांडुरंगाकडं काही मागायचं ठरवलं नव्हतं आणि त्या वेळी काही आठवलंही नाही. शेजारच्या बाईनं तुळशीला हात लावून स्वतःच्या डोळ्यांना लावला. मी तिच्यासाठी जरा खाली वाकले.

द्वादशीला घरी फोन केला. "भांगलणीला बाया सांगा, मी पौर्णिमेचा काला करून येते." पलीकडून हे म्हणाले, "आई कधी थांबली नाही." म्हटलं, "म्हणूनच थांबते."

पौर्णिमेला गोपाळपूरला संतांच्या पालख्या जमतात. काल्याचं कीर्तन झालं, लाह्या उधळल्या, माणसं एकमेकांच्या तोंडात काला घालू लागली, एकमेकांच्या पायांवर पडू लागली. मावशींनी मला घास भरवला. मग माझ्या ओंजळीत आणखी एक घास ठेवला आणि काही न बोलता पुढं गेल्या. तो मी खाल्ला नाही. आत्याबाईंची तुळस मांडीशी घेतली, बोटांनी थोडी माती उकरली आणि तो घास तिच्या मुळाशी घातला.