इंटिरियर स्टुडिओचं न्यूजलेटर: विषय कुठून मिळाले, अंक कसा बसवला

इंटिरियर डिझायनरच्या न्यूजलेटरमध्ये बहुतेक वेळा पूर्ण झालेल्या घरांचे फोटो असतात. ते बघायला छान वाटतात, पण वाचकाला स्वतःच्या घराबद्दल जे ठरवायचं असतं त्यात त्यांची मदत फारशी होत नाही. म्हणून स्टुडिओचं न्यूजलेटर सांभाळताना मी एकच कसोटी धरली: अंक वाचून झाल्यावर वाचकाला एक तरी निर्णय घेता आला पाहिजे. विषय, फोटो, लांबी हे सगळं मग त्यावरूनच ठरत गेलं.

विषय मिळतात ते क्लायंटच्या प्रश्नांतून. प्रश्न आला की तो त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवायचा. ‘मॅट रंग लावला तर भिंत पुसता येईल का?’, ‘ओटा किती उंच ठेवू?’, ‘दोन कोटेशनमध्ये एवढा फरक का?’ हेच पुढे अंकाचे मथळे होतात. सुतार, इलेक्ट्रिशियन, टाइल बसवणारे यांचे प्रश्नही मी लिहून ठेवतो. कारागीर जिथे अडून विचारतो, तिथे क्लायंटचा एखादा निर्णय राहून गेलेला असतो. प्रत्येक प्रश्नापुढे कामाचा टप्पा लिहायचा: मोजमाप, लेआउट, वायरिंग-प्लंबिंग, मटेरियलची निवड, फर्निचर, रंग, राहायला गेल्यानंतर. टप्पा उलटून गेल्यावर मिळालेली माहिती फक्त हळहळ देते. फॉल्स सीलिंग बंद झाल्यावर प्रकाशयोजनेचा अंक पाठवून उपयोग नाही.

प्रकाशाचंच उदाहरण घेऊ. ‘बेडरूमसाठी सुंदर लाइटिंग’ हा मथळा कुणालाच काही सांगत नाही. त्याच विषयाचा कामाचा अंक असा बनतो: झोपायच्या आणि बसायच्या खोलीत २७०० ते ३००० केल्विन (प्रकाशाच्या छटेचं माप; आकडा कमी तितका प्रकाश पिवळसर), ओट्यावर किंवा अभ्यासाच्या टेबलावर ४००० केल्विनपर्यंत चालतं, एकाच खोलीत दोन्ही हवे असतील तर वेगवेगळ्या स्विचवर घ्या. कापड, लाकूड, रंग जसे आहेत तसे दिसायला हवेत तर सीआरआय (त्या प्रकाशात रंग किती खरे दिसतात याचा आकडा) ९० किंवा त्याहून जास्त बघा. पाकिटावर केल्विनचा आकडा तोच असला तरी दोन कंपन्यांच्या दिव्यांची छटा शेजारीशेजारी वेगळी दिसू शकते, म्हणून एका खोलीचे सगळे दिवे एकाच कंपनीचे घ्या आणि दोन-तीन जास्तीचे ठेवा. डिमर (प्रकाश कमी-जास्त करणारा स्विच) लावायचा असेल तर दिवा किंवा त्याचा ड्रायव्हर (दिव्याला वीज पुरवणारा भाग) डिमेबल आणि त्या डिमरशी जुळणारा हवा, नाहीतर प्रकाश थरथरतो. डाउनलाइट (छतातून खाली प्रकाश टाकणारा दिवा) भिंतीच्या अगदी जवळ आला की भिंतीवर कमानीसारखे ठळक पट्टे पडतात आणि पुट्टीतला प्रत्येक उंचसखलपणा उठून दिसतो. हे सगळं वायरिंगच्या ड्रॉइंगवर सही करण्याआधी ठरवायचं, हे अंकाच्या पहिल्याच परिच्छेदात यायला हवं.

वाचकाला घरबसल्या टेप घेऊन करून बघता येईल असा अंक माझ्या मते सगळ्यांत टिकाऊ. ओट्याची उंची त्यासाठी उत्तम विषय आहे. नेहमीचं माप ८५० ते ९०० मिलिमीटर. पण सरळ उभं राहून हात कोपरात वाकवायचा, कोपरापासून जमिनीपर्यंत मोजायचं आणि त्यातून १०० ते १५० मिलिमीटर वजा करायचे, की स्वतःला सोयीची ओट्याची उंची मिळते. जमिनीवर नवी टाइल बसणार असेल तर मोजणी तयार फरशीपासून धरायची. ही गोष्ट सांगायची राहिली तर ओटा टाइल आणि मॉर्टरच्या जाडीइतका खाली जातो. याच जातीचे आणखी विषय: दोन जण एकावेळी काम करणार असतील तर समोरासमोरच्या ओट्यांत साधारण १२०० मिलिमीटर जागा, डायनिंग टेबलाच्या कडेपासून भिंतीपर्यंत किमान ९०० मिलिमीटर, म्हणजे खुर्ची मागे सरकवून सहज उठता येतं, पडद्याच्या कापडाची रुंदी रॉडच्या लांबीच्या २ ते २.५ पट.

टाइलच्या अंकात नगांचा हिशोब द्यावा. सरळ बसवायच्या असतील तर क्षेत्रफळावर १० टक्के जास्त, तिरक्या असतील तर १५ टक्के. आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे खोक्यावरचा शेड आणि बॅच क्रमांक. नंतर आणलेलं खोकं वेगळ्या बॅचचं असलं की छटेत किंवा मापात थोडा फरक पडू शकतो, आणि सलग जमिनीवर तो लपत नाही. म्हणून सगळी खोकी आल्याबरोबर क्रमांक तपासायचे आणि काम संपल्यावर एक खोकं जपून ठेवायचं.

कोटेशनच्या फरकावरचा अंक मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. आकडे न सांगताही तो लिहिता येतो. कपाटाचा सांगाडा कशाचा: प्लाय, एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) की पार्टिकल बोर्ड (लाकडाचे बारीक तुकडे दाबून केलेला)? एज बँडिंग (बोर्डाच्या कडेवर चिकटवायची पट्टी) ०.८ मिलिमीटरचं की २ मिलिमीटरचं? आतल्या बाजूला लॅमिनेट आहे की नुसता रंग? बिजागऱ्या आणि चॅनल (ज्यावर ड्रॉवर सरकतो त्या पट्ट्या) कोणत्या दर्जाचे, ड्रॉवर किती? वाहतूक, राडारोडा उचलणं आणि कर धरले आहेत का? हे प्रश्न दोन रकान्यांच्या तक्त्यात दिले की वाचक आपली दोन्ही कोटेशनं शेजारी ठेवून तपासतो. असा अंक लोक जपून ठेवतात, ओळखीच्यांना पाठवतात.

पूर्ण झालेलं घर दाखवायला हरकत नाही, पण फोटोसोबत कारण हवं. जुना लेआउट, क्लायंटची अडचण, आम्ही मांडलेले पर्याय, त्यातला कोणता सोडला आणि का, एवढं सांगितलं की तो वाचण्याजोगा मजकूर होतो. सोडलेल्या पर्यायाचा भाग तर वगळूच नये. वाचकाची परिस्थिती कदाचित त्या पर्यायाला धरून असेल. आधीचा आणि नंतरचा फोटो जुळायला हवा असेल तर काम सुरू होण्यापूर्वी प्लॅनवर कॅमेऱ्याची जागा, दिशा आणि लेन्सची उंची लिहून ठेवायची. खूण न हलणाऱ्या गोष्टीवरून घ्यायची, म्हणजे खिडकीचा कोपरा किंवा कॉलम. पाडायची भिंत खुणेसाठी चालत नाही. फार वाइड लेन्सने खोली खोटी मोठी दिसते आणि फोटो पाहून येणारा नवा क्लायंट तेवढीच जागा अपेक्षितो.

परवानगी लेखी घ्यायची, आणि ती कामाच्या करारातच असलेली बरी. छायाचित्रकाराकडून न्यूजलेटरमध्ये वापरण्याचा हक्क वेगळा घ्यावा लागतो. फोनवरच्या फोटोत बरेचदा ठिकाणाची नोंद असते, ती काढून टाकायची. तिजोरीची जागा, मुख्य दाराचं कुलूप, मुलांचे फोटो, इमारत ओळखू येईल असं खिडकीबाहेरचं दृश्य यांतलं काहीही जाऊ देऊ नये. लोक आपलं घर विश्वासाने उघडं करतात, त्या विश्वासाला जपायलाच हवं.

राहायला गेलेले जुने क्लायंट बहुतेक स्टुडिओ विसरतात. त्यांच्यासाठी देखभालीचे अंक काढावेत. कपाटाचं दार काही महिन्यांनी घासायला लागतं. अॅडजस्टेबल बिजागरी असेल तर स्क्रूने दार डावी-उजवीकडे, आत-बाहेर आणि वर-खाली सरकवता येतं. कोणता स्क्रू कशासाठी हे एका जवळून काढलेल्या फोटोत बाणांनी दाखवलं की काम झालं. दमट हवेत भरीव लाकूड रुंदीत फुगतं, म्हणून ड्रॉवर अडकतो. लगेच रंधा मारायला सांगू नका, हवा कोरडी झाली की तो सुटतो. संगमरवरावर सीलर लावला तरी लिंबू-व्हिनेगरचे पांढुरके ठसे का पडतात, हा प्रश्न फार येतो. सीलर डाग आत मुरू देत नाही, पण आम्ल संगमरवरातल्या कॅल्शियम कार्बोनेटचा वरचा थरच खातं आणि पॉलिश जातं. तो डाग नसतो, म्हणून घासून निघत नाही. पुन्हा पॉलिश करावं लागतं.

आता अंकाच्या बांधणीकडे. एक मुख्य विषय, एक छोटी सूचना, शेवटी एकच विनंती: प्रश्न पाठवा किंवा भेट ठरवा. दोन विनंत्या ठेवल्या की लोक एकही पाळत नाहीत. ईमेलची रुंदी ६०० पिक्सेल धरली तर फोटो १२०० पिक्सेल रुंद द्यावा, म्हणजे चांगल्या स्क्रीनवर धूसर दिसत नाही. फाइलचं वजन (केबी) मात्र कमी करून घ्यावं. मापं, तक्ते फोटोत कोरू नयेत, मजकूर म्हणूनच लिहावेत, कारण फोटो बंद ठेवून वाचणारे बरेच असतात.

मराठीत लिहिणाऱ्यांनी एक गोष्ट मुद्दाम लक्षात घ्यावी. जीमेल साधारण १०२ केबीपेक्षा मोठ्या ईमेलचा पुढचा भाग कापतं. यात फोटोंचं वजन येत नाही, कोड आणि मजकूर येतो. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ (संगणकात अक्षरं साठवण्याची पद्धत) मध्ये ३ बाइट घेतं, त्यात वर्डमधून चिकटवलेल्या मजकुरासोबत अदृश्य कोडचा ढीग येतो. अंक कापला गेला की तळाची ‘सदस्यत्व रद्द करा’ ही लिंक दिसेनाशी होते आणि वैतागलेला वाचक सरळ स्पॅमचं बटण दाबतो. म्हणून मजकूर आधी साध्या टेक्स्टमध्ये चिकटवून मगच न्यूजलेटरमध्ये घ्यावा.

पाठवण्यासाठी स्वतःच्या डोमेनचा पत्ता वापरावा. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने मोठ्या संख्येने ईमेल पाठवणाऱ्यांसाठी एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या पाठवणाऱ्याची ओळख पटवणाऱ्या तीन तपासण्या बंधनकारक केल्या. यादी लहान असली तरी या तिन्ही लावून घेतलेल्याच बऱ्या. ‘किती जणांनी उघडलं’ या आकड्यावर मी विषय ठरवत नाही. २०२१ मध्ये अॅपलने मेल ॲपमध्ये आणलेल्या गोपनीयतेच्या सोयीमुळे न वाचलेलं पत्रही उघडल्यासारखं मोजलं जाऊ शकतं. त्यापेक्षा किती उत्तरं आली आणि त्यांत काय विचारलं, हे बघावं.

यादीचे तीन भाग ठेवावेत: विचारात असलेले, काम चालू असलेले, राहायला गेलेले. कोटेशनचा अंक पहिल्यांना, टाइल आणि प्रकाशाचा दुसऱ्यांना त्यांच्या टप्प्याच्या आधी, बिजागरी आणि संगमरवराचा तिसऱ्यांना. साइटवर धावपळ सुरू झाली की लिहायला वेळ मिळत नाही, म्हणून देखभालीचे दोन अंक कायम तयार ठेवावेत. ते कोणत्याही महिन्यात जाऊ शकतात.