दोन गाण्यांपुरता जोडीदार

स्वीडनमधली माणसं अबोल असतात, असं ऐकून गेले होते. स्टॉकहोमच्या बसमध्ये आणि मेट्रोत ते पटलंही. रिकामी सीट दिसत असताना कुणी कुणाशेजारी बसत नाही, हवापाण्याच्या गप्पासुद्धा नाहीत. "मावशी, लिफ्टमध्ये कुणाकडे बघून हसू नकोस हं, बिचकतात," असं भाचीने बजावलंच होतं. आणि त्याच शहरात, जुलैच्या सुरुवातीला, हीच माणसं लाकडी फळ्यांवर अनोळखी माणसाच्या हातात हात देऊन गिरक्या घेत होती. तेही भर उजेडात, कारण रात्रीचे नऊ वाजले तरी ऊन हलायचं नाव घेत नव्हतं.

ही जागा म्हणजे स्कान्सेन, टेकडीवरचं खुलं संग्रहालय. स्लुस्सेनच्या धक्क्यावरून फेरीबोट पकडायची आणि यूरगॉर्डेन बेटावर उतरायचं. मेट्रोचंच तिकीट फेरीला चालतं, हे कळल्यावर माझ्यातली ठाणेकर सुखावली. उतरल्या उतरल्या समोर ग्रोना लुंड, १८८३ पासून चालू असलेलं करमणुकीचं पार्क. तिथेही उन्हाळाभर मोठमोठे जलसे होतात. १९८० साली बॉब मार्ले तिथे गायला तेव्हा ३२ हजार लोक लोटले होते. पण मला त्या गर्दीत रस नव्हता. पाळण्यांवरच्या किंकाळ्या मागे टाकून आम्ही टेकडी चढलो.

स्कान्सेन १८९१ साली आर्तुर हासेलियुस यांनी उभं केलं. कारखाने वाढत होते, लाखो लोक अमेरिकेला निघाले होते, गावं रिकामी पडत होती. जुनं जगणं डोळ्यांदेखत पुसलं जाणार म्हणून त्यांनी ठिकठिकाणची घरं, कोठारं उचलून या टेकडीवर आणून मांडली. जगातल्या सगळ्यात जुन्या खुल्या संग्रहालयांपैकी हे एक. पण नुसती घरं आणून भागत नाही, त्यात नाच-गाणं हवं, हे इथल्या लोकांना लवकर उमगलं असावं. लोकनृत्यं तिथे आजही होतात, आणि सोलिदेनच्या मंचावर उन्हाळ्यात मंगळवारी संध्याकाळी हजारो लोक एका सुरात गातात. १९३५ साली स्वेन लिल्या यांनी हे समूहगान सुरू केलं आणि १९७९ पासून ते टीव्हीवर दिसतं. लिफ्टमध्ये बिचकणारे लोक इथे छापील शब्द हातात धरून बेंबीच्या देठापासून गातात.

दुपारी लोकनृत्यवाल्यांपाशी बराच वेळ रमले, ते निकेलहार्पामुळे. व्हायोलिनसारखं गजाने वाजवायचं, पण गळ्यात पट्टा अडकवून आडवं धरायचं. डाव्या हाताखाली लाकडी खुंट्यांची रांग असते. खुंटी दाबली की तिला जोडलेला लाकडी तुकडा तारेला टेकतो आणि सूर बदलतो. वाजवणाऱ्या बाईंनी जवळ बोलावून दाखवलं: एकूण १६ तारा, त्यातल्या तीनांवर चाल, एक नुसता खर्ज धरणारी आणि उरलेल्या १२ तरफेच्या, म्हणजे न छेडता आपोआप झंकारणाऱ्या! सारंगीच्या त्या तरफा उत्तर युरोपात भेटाव्यात, याची मजा वाटली. गज थांबला तरी झंकार मागे रेंगाळत राहतो. वाद्य स्वीडनच्या उप्लांड भागातलं. त्याचं आजचं रूप विसाव्या शतकात आउगुस्त बूलिन आणि एरिक सालस्त्रोम यांच्या हातून घडलं. त्या सुरांवर पोल्स्का नाचतात. तीन मात्रांचा ठेका, आणि जोडी एकमेकांचा तोल सांभाळत स्वतःभोवती फिरत राहते. मंगळागौरीची फुगडी ज्यांनी घातली आहे त्यांना यातलं मर्म सांगावं लागणार नाही. समोरच्याने भार दिला नाही तर दोघंही कोलमडणार.

संध्याकाळी गालेयान. स्कान्सेनमधलाच जुन्या जत्रेसारखा कोपरा आणि तिथे लाकडी नाचमंच. डान्सबँड वाजत होता. सॅक्सोफोन, गिटार, गोडमिट्ट स्वीडिश गाणी. खरं सांगू? खुर्चीत बसून ऐकाल तर दहा मिनिटांत कंटाळाल. ते कानांसाठी केलेलंच नाही, पायांसाठी केलेलं आहे.

थोडा वेळ नुसतं बघितलं तर त्या गर्दीतली शिस्त दिसायला लागते. फॉक्सट्रॉटवाले कडेकडेने, घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात. बुग हा जोडीचा स्वीडिश नाच नाचणारे मधला भाग धरतात आणि जागच्या जागी गिरक्या घेतात. कुणी कुणाला धडकत नाही. बाकावर हातपंखे, पाण्याच्या बाटल्या. घामाने भिजल्यावर बदलायला म्हणून काही पुरुष घडी केलेला जास्तीचा शर्टही बाळगून होते.

सत्तरीच्या पुढचे एक आजोबा आले, किंचित झुकले, हात पुढे केला. मला येत नाही, म्हटलं. चालेल, म्हणाले. उजवा तळवा माझ्या पाठीवर, खांद्याच्या जरा खाली, इतका हलका की आहे का नाही कळू नये. पण वळायचं झालं की त्याच तळव्यातून निरोप यायचा. पहिल्या गाण्यात मी पायांकडे बघत होते, दुसऱ्यात समोर बघायला लागले. दुसरं संपलं, त्यांनी आभार मानले, मला बाकापर्यंत सोडलं आणि दुसऱ्या बाईंकडे गेले. नाव नाही, गाव नाही.

इथला रिवाजच तसा आहे. एकासोबत दोन गाणी, मग जोडी मोडायची. आवडलं तरी दोन, नाही आवडलं तरी दोन. कधी पुरुषांनी विचारायचं, कधी बायकांनी. मला वाटतं, या लाजऱ्या लोकांची सगळी सोय त्या दोन गाण्यांत आहे. विचारण्यात जोखीम नाही, हो म्हणण्यात गुंतवणूक नाही. आपल्याकडे लग्नाच्या वरातीत सगळे नाचतात, पण अनोळखी बाईला असं विचारायची रीत नाही. रीत नाही म्हणून मग ना धड विचारता येत, ना धड नकार देता येत.

एवढा नाचवेडा देश, पण सरकार मात्र नाचाकडे जरा तिरकंच बघत आलंय. सार्वजनिक ठिकाणी नाच ठेवायचा तर पोलिसांचा परवाना लागायचा. गिऱ्हाइकं आपणहून नाचायला लागली तरी बारमालक अडचणीत! ती अट १ जुलै २०२३ ला गेली, आता कळवलं की पुरतं. डान्सबारची बंदी आणि कोर्टकचेऱ्या पाहिलेल्या मुंबईकराला यात नवल वाटू नये. करातही तेच. अगदी अलीकडेपर्यंत मैफिलीच्या तिकिटावर ६ टक्के आणि नाचाच्या तिकिटावर २५. म्हणजे तोच बँड, तीच गाणी, पण तुम्ही उठून उभे राहिलात की महाग.

भाचीने इथल्या दोन वर्षांत हे सगळं एकदाही पाहिलं नव्हतं. त्या रात्री बायकांनी विचारायची पाळी आली तेव्हा मी तिला ढकललं. ती एका उंच, गंभीर चेहऱ्याच्या मुलासमोर जाऊन उभी राहिली आणि तो चक्क हसला.

जाणार असाल तर रबरी तळव्याचे बूट टाळा, फळीला चिकटतात आणि गिरकीत गुडघा पिरगळतो. गुळगुळीत तळव्याच्या चपला-बूट चालतात. शाल सोबत ठेवा, ऊन असलं तरी पाण्यावरून येणारा वारा गार असतो. आणि परतीच्या शेवटच्या फेरीची वेळ आधीच बघून ठेवा, कारण आकाशाकडे बघून किती वाजले याचा पत्ता लागत नाही.