पर्वती चढून मांड्या जाड होतात का?

तीन महिने झाले, रोज सकाळी साडेसहाला पुण्यातली पर्वती टेकडी चढतेय, त्या रुंद दगडी 103 पायऱ्या, आता चार फेऱ्या आरामात होतात. वजन म्हणाल तर जेमतेम दीड किलो उतरलं पण जीन्स मांडीला सैल झाली आणि पोटरीला हात लावला की घट्ट लागते, आधी नुसती लिबलिबीत होती. पायऱ्यांनी मांड्या जाड होतात ही भीती मनातून काढा गं, तेवढ्याने कोणाचे मसल्स फुगत नाहीत! नुसतं पोटच कमी होईल असंही नाही, चरबी सगळीकडूनच उतरते आणि त्यात जेवणाचा वाटा मोठा. चढताना पूर्ण पाऊल टेकवा, टाचेने जोर द्या म्हणजे मागच्या बाजूलाही काम मिळतं. उतरताना मात्र घाई नको, दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात त्या जास्त करून उतरण्यानेच, आणि गुडघ्यांवर भारही तेव्हाच जास्त येतो.