मीटरमधले लुकलुकणारे दिवे, नोंद चौथी: अर्थिंग सापडले आणि पुन्हा हरवले

मागच्या नोंदीत मी अल्टरनेटरला (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राला) निर्दोष सोडून थांबलो होतो. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४.२ व्होल्ट मिळत होते, मल्टिमीटर एसीवर लावला तर रिपल (डीसीत मिसळलेले एसीचे तरंग) ०.०३ व्होल्टच्या पुढे जात नव्हते, बॅटरी तर नवीच होती (ती मी उगाच बदलली, हे आता कबूल करतो), आणि तरीही मालगुंडहून रत्नागिरीला निघालेली गाडी आरे-वारेच्या वळणांवर आली की डॅशबोर्डवरच्या मीटरमधले एबीएस (ब्रेक लावताना चाके जाम होऊ न देणारी यंत्रणा) आणि स्टिअरिंगचे दिवे लुकलुकायला लागत. ती गाठ सुटली, असे लिहायला मी गेल्या आठवड्यात बसणार होतो. बसलो नाही ते बरे झाले, कारण मृगाच्या पहिल्याच मोठ्या सरीने त्यातला अर्धा आनंद धुऊन नेला.

आधी सुटलेला भाग सांगतो. बॅटरीच्या निगेटिव्हवरून दोन केबल निघतात; एक गिअरबॉक्सवर जाते आणि दुसरी बॉडीवर. प्रवाह बॅटरीकडे परत येण्याची ही वाट, म्हणजेच गाडीचे अर्थिंग. बॉडीची केबल मी नोंद दोनमध्येच ओहममध्ये मोजून ‘उत्तम’ असा शेरा दिला होता, आणि माझी सगळ्यात मोठी चूक तीच होती. मल्टिमीटर ओहम मोजताना केबलमधून जेमतेम मिलिअँपिअरचा प्रवाह सोडतो. तेवढ्यासाठी एक धड तारही पुरते. शिवाय माझ्या मल्टिमीटरचा शेवटचा आकडा ०.१ ओहमचा आहे, म्हणजे त्याखालचे दुखणे त्याला दिसणारच नाही. या वेळी हेडलाइट, फुल ब्लोअर आणि मागच्या काचेचा हीटर असे सगळे चालू करून बॅटरीचे निगेटिव्ह आणि बॉडी यांच्यामध्ये व्होल्टेज ड्रॉप (वाटेतच खर्ची पडणारे व्होल्टेज) मोजला. तो ०.५८ व्होल्ट आला. गिअरबॉक्सच्या बाजूला तोच ड्रॉप ०.०४ होता. केबलमधून त्या वेळी ३८ अँपिअर जात होते, म्हणजे अडथळा सुमारे ०.०१५ ओहम: ओहममीटरच्या लेखी शून्य, आणि गाडीच्या लेखी अर्धा व्होल्ट. उभ्या गाडीत स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवले, तेव्हा हाच आकडा एक व्होल्टच्या वर उसळला. विजेचे स्टिअरिंग हळू वेगात आणि तीव्र वळणावरच सर्वांत जास्त प्रवाह ओढते, तेव्हा आरे-वारेच्या वळणांचे कोडे तिथेच उलगडले.

हे ३८ अँपिअर मोजण्यासाठी शेजारी सोलार पॅनेल बसवणाऱ्या मित्राचा क्लॅम्प मीटर आणावा लागला, कारण मी हौसेने मागवलेला क्लॅम्प मीटर फक्त एसी प्रवाह मोजतो. खोक्यावर ते स्पष्ट छापलेले होते. मी फक्त किंमत वाचली. गाडीच्या कामासाठी क्लॅम्प मीटर घेणाऱ्यांनी डीसी अँपिअर आहेत की नाही हे आधी पाहावे, आणि ते हवे असतील तर जास्त पैसे मोजण्याची तयारी ठेवावी.

केबल काढून लगजवळची (लग म्हणजे केबलच्या टोकाचा, बोल्टखाली बसणारा धातूचा तुकडा) काळी स्लीव्ह चिरली, तर आत पितळेच्या भांड्यात ठेवलेले ताक कळकावे तसा सगळा हिरवा कळंक. बाहेरून केबल नवीकोरी दिसत होती, पण समुद्राचा खारा दमट वारा स्लीव्हच्या तोंडातून शिरून तारांच्या आतल्या पदरापर्यंत पोहोचला होता, आणि दोन तृतीयांश तारा बोटांनी चुरडल्या जात होत्या. रत्नागिरीच्या एका हार्डवेअरच्या दुकानातून २५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वेल्डिंग केबल आणि कल्हई केलेले तांब्याचे लग घेतले. दुकानदार अ‍ॅल्युमिनियमचे लग पुढे करत होता. खाऱ्या हवेत तांबे आणि अ‍ॅल्युमिनियम यांचा संसार टिकत नाही, म्हणून ते परत केले. लग हातोडीने ठोकून बसवण्याचा मोह आवरून हायड्रॉलिक क्रिम्परने दाबून घेतले, वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक चढवली, बॉडीवरचा रंग पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासला, बोल्ट आवळला आणि त्यानंतरच वरून पेट्रोलियम जेली लावली. त्याच लोडवर ड्रॉप ०.०४ व्होल्ट! तो आकडा मी तीन वेळा मोजला. दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळी मोजण्याची गरज काहीच नव्हती.

नऊ दिवस एकही दिवा लागला नाही. स्वस्तातल्या ओबीडी डाँगलने (गाडीच्या निदानाच्या सॉकेटला लावून बिघाडाचे कोड वाचणारे उपकरण) गाडीत साठलेले यू०१२१ आणि यू०१३१ हे कोड पुसले, ते परत आले नाहीत. (हे कोड म्हणजे एबीएस आणि स्टिअरिंगच्या मोड्यूलशी, म्हणजे त्यांच्या छोट्या संगणकांशी, संपर्क तुटल्याची तक्रार. व्होल्टेज घसरले की मोड्यूल क्षणभर गप्प होते आणि मीटर दिवा लावून बोंब मारते.) दहाव्या दिवशी पाऊस कोसळला आणि भंडारपुळ्याच्या पुढे दिवे पुन्हा नाचले.

पुन्हा तेच, असे समजून मी त्या रात्री चक्क सोल्डरिंगची सामग्री काढली होती. मीटर उघडून त्याच्या बोर्डावरचे जोड नव्याने वितळवायचे, असा बेत होता, आणि नोंद तीनवर तो सुचवणारे वाचकही होते. पण मीटर उघडण्याआधी बॅटरी सोडून ओबीडी सॉकेटच्या ६ आणि १४ या पिनांमध्ये मोजले, तर ६०.३ ओहम आले. दोन टोकांना १२० ओहमचे रोध समांतर असले की येतो तोच आकडा. म्हणजे कॅनच्या (मोड्यूल ज्यावरून एकमेकांशी बोलतात त्या जाळ्याच्या) दोन्ही तारा आणि त्यांच्या टोकांचे रोध शाबूत होते. मग लक्षणच नीट आठवून पाहिले. आधी दोनच दिवे लुकलुकत. आता मीटरचा प्रकाश, काटे आणि दिवे असे सगळेच एकदम थरथरत होते, आणि तेही फक्त डाव्या वळणावर. डाव्या वळणावर गाडीतली सैल वस्तू उजवीकडे सरकते. पाणीसुद्धा.

गाडी उभी असते ती घरामागच्या सुरूच्या झाडांखाली. वायपरखालची जाळी उचलली, तर पन्हळीत सुरूच्या काड्यांचा गच्च गालिचा आणि निचऱ्याची दोन्ही भोके बंद. साचलेले पाणी प्रत्येक डाव्या वळणावर उजव्या कोपऱ्यात उसळून हार्नेसच्या (तारांच्या जुडग्याच्या) रबरी बुचातून आत शिरत होते, आणि थेट ड्रायव्हरच्या पायापाशी, प्लॅस्टिकच्या पट्टीमागे असलेल्या मीटरच्या अर्थ बोल्टवर उतरत होते. तो बोल्ट पूर्वी कोणीतरी सिलिकॉनने ‘सुरक्षित’ केला होता. लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे सिलिकॉन तांब्यावर वापरू नये, कारण सुकताना त्यातून सुटणारे ॲसेटिक आम्ल तांब्याला खाते. इथे तेच झाले होते: वर पांढरे कवच, खाली हिरवी भुकटी. बोल्ट साफ केला, दातेरी वॉशर घातला, बूच बदलले आणि पन्हळीवर बारीक स्टीलची जाळी बसवली. त्यानंतर दोन मोठ्या पावसांत मीटर स्थिर आहे.

उरला एअरबॅगचा दिवा, जो परवापासून न लुकलुकता सलग लागला आहे. सीटखालच्या पिवळ्या कपलरवर (तारा जोडणाऱ्या प्लगवर) संशय आहे. त्या सर्किटला साधा मल्टिमीटर लावायचा नाही, हे इथल्या सर्वांना माहीत आहेच. बॅटरी सोडून, थोडा वेळ थांबून, कपलर फक्त डोळ्यांनी पाहायचा आणि कोड वाचण्यासाठी चांगला स्कॅनर असलेल्या माणसाकडे जायचे, असे येत्या रविवारसाठी ठरवले होते. परंतु वरचा परिच्छेद लिहिताना लक्षात आले की ते पाणी बोल्टवरून पुढे कुठेतरी गेलेच असणार. आत्ता जाऊन ड्रायव्हरच्या बाजूच्या गालिचाखाली हात घातला: नमदा ओलागच्च आहे आणि ओल सीटच्या पट्टीपर्यंत पोहोचली आहे. तेव्हा कपलर नंतर. आधी बॅटरी सोडून सीट आणि गालिचा बाहेर. नमदा न्हाणीच्या चुलीजवळ दोरीवर वाळत घालणार आहे, कारण या दिवसांत कोरडी जागा तेवढी एकच, आणि तिथे आधीच आईची गोधडी आहे.